आरटीईमधला मुलगा आता नववीत जाणार आणि शाळा पूर्ण फी मागतेय, कायदा केंद्राचा आहे तर दाद कुठे मागायची?

भांडुपची_आई

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट मोठी होणार आहे पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. माझा मुलगा आठवीत आहे. २०१८ ला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा गरीब-मागास मुलांना मोफत असतात त्या) लॉटरीत त्याचा नंबर लागला, जातीच्या दाखल्यावर फॉर्म भरला होता, आणि घराजवळच्याच इंग्लिश मिडियम शाळेत पहिलीला अ‍ॅडमिशन मिळाली. शाळा विनाअनुदानित आहे, बोर्ड स्टेटचंच. मिस्टर एका गोडाऊनला कामाला आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आठ वर्षं एक रुपया फी नाही भरावी लागली, त्याचे उपकार मानते, मुलगा घरात आम्हाला इंग्लिश पत्रं वाचून दाखवतो.

आता परवा ओपन हाऊसनंतर आरटीईच्या पालकांना ऑफिसमध्ये वेगळं थांबवलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. एक, नववीपासून पूर्ण फी, वर्षाला ७८ हजार, आणि वर ‘नवीन अ‍ॅडमिशन’ म्हणून २५ हजार वेगळे. दोन, माझ्या मुलाला नोव्हेंबरमध्ये चौदा पूर्ण झाले तर म्हणे कायदा चौदा वर्षांपर्यंतच आहे, त्यामुळे आठवीच्या दुसऱ्या टर्मची फी सुद्धा द्यावी लागेल. तीन, केंद्र सरकारने आता आठवीत नापास करायला परवानगी दिली आहे, मुलगा नापास झाला तर आरटीईची सीट जाणार आणि एलसी हातात देणार. मुलगा गणितात कच्चा आहे, तेव्हापासून जेवत पण नाही नीट.

मला विचारायचं आहे की हे खरं आहे का. कायदा दिल्लीचा, नियम मंत्रालयाचे, शाळा खाजगी, प्रवेशाचे कागद तपासले पालिकेच्या माणसांनी, मग मी जायचं कोणाकडे. आणि नववी-दहावीची फी माफ होईल असं काही असतं का. कृपया माहीत असलेल्यांनीच सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

कलम_बारा

ताई, मी कोर्टात प्रॅक्टिस करतो, शाळांच्या केसेस थोड्याफार केल्या आहेत. आधी दुसरा मुद्दा घेतो कारण तो साफ चुकीचा आहे आणि त्याचे पैसे अजिबात भरू नका.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वय लिहिलंय हे खरं, पण कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की हा हक्क प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत आहे, आणि या कायद्यात प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. २५ टक्क्यांची तरतूद कलम १२ मध्ये आहे तिथेही हेच शब्द आहेत, शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत. म्हणजे वर्षाच्या मध्ये वाढदिवस आला म्हणून मीटर सुरू होत नाही. उशिरा शाळेत आलेल्या मुलाबद्दल तर कलम ४ मध्ये वेगळं लिहून ठेवलंय की चौदा उलटले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला मोफतच शिकवायचं. तुमचा मुलगा आठवीचा निकाल लागेपर्यंत आरटीईत आहे, विषय संपला.

आता नापासचा. २०१९ ला केंद्राने कलम १६ बदललं. त्याआधी आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हतं. बदलानंतर पाचवीला आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा, नापास झाला तर शाळेने जादा शिकवायचं, निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे संबंधित सरकारने ठरवायचं. महाराष्ट्राने ठेवायचं ठरवलं, २०२३-२४ पासून ते सुरू झालं. तामिळनाडू आणि केरळने नाही घेतलं, तिथे अजून आठवीपर्यंत कोणी मागे राहत नाही. कायदा एकच पण मूल कुठल्या राज्यात आहे त्यावर नशीब ठरतं असं आहे हे.

पण त्याच कलमात पुढे हेही आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. त्याच वर्गात ठेवणं वेगळं आणि एलसी हातात देणं वेगळं. एलसी देऊ म्हणणारी शाळा कायदा मोडते आहे. आणि समजा मागे राहिलाच, तरी आठवी पूर्ण झालेली नाही म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क पण संपलेला नाही, माझं तरी वाचन सरळ असंच आहे.

पहिला मुद्दा दुर्दैवाने शाळेच्या बाजूने आहे. नववीपासून केंद्राचा हा कायदा तुमच्या पाठीशी उभा राहत नाही. नववीची नियमित फी ते मागू शकतात. मात्र ते २५ हजार वेगळे आहेत. मंजूर फीच्या बाहेरची रक्कम घेणं म्हणजे कॅपिटेशन, आणि त्याला महाराष्ट्रात १९८७ पासून बंदीचा कायदा आहे. मूल त्याच शाळेत आठवीतून नववीत जातंय, नवीन अ‍ॅडमिशन कसली. मंजूर फीचा तक्ता मागा, त्यात ही रक्कम आहे का बघा. राज्याच्या २०११ च्या फी कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढून जायला लागते, ती एका मुलासाठी वेगळी असू शकत नाही.

ऑफिसातला_माणूस

मी अशाच एका विनाअनुदानित शाळेच्या ऑफिसमध्ये काम करतो (ताईंची शाळा नाही), त्यामुळे दुसरी बाजू सांगणं मला गरजेचं वाटतं, राग मानू नका. चौदा वर्षं झाली म्हणून मध्येच फी मागणं चूक आहे, कलम_बारा साहेब म्हणतात ते बरोबर आणि आमच्याकडे असं कोणी मागत नाही.

पण २५ टक्के मुलांचे पैसे शाळेला येतात कसे ते बघा. कायद्यात असं आहे की सरकारचा स्वतःच्या शाळेतला प्रत्येक मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यातलं जे कमी असेल तेवढी प्रतिपूर्ती. महाराष्ट्रात तो आकडा वर्षाला १७,६७० रुपये होता, कोविडच्या वर्षात ८,००० वर आणला. आमच्यासारख्या शाळेची फी याच्या तिप्पट-चौपट आहे. बरं, तेवढे तरी वेळेवर यावेत, ते दोन-दोन तीन-तीन वर्षं लटकतात. आम्ही पालिकेत विचारलं की म्हणतात वरून आले नाहीत, वर विचारलं की म्हणतात केंद्राचा वाटा आला नाही. समग्र शिक्षा योजनेत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असं आहे, आणि प्रतिपूर्तीचा पैसा त्याच नळातून येतो, त्यामुळे दिल्लीत हप्ता अडला की भांडुपमधल्या शाळेत शिक्षिकेचा पगार अडतो, कारण आमच्याकडे पगार फीमधूनच होतो, सरकार एक पैसा देत नाही.

म्हणून २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलून बऱ्याच खाजगी शाळांना आरटीईच्या जागांतून सूट दिली तेव्हा आमच्या संस्थाचालकांना आनंद झाला होता हे मी नाकारत नाही. मला स्वतःला मात्र वाईट वाटलं होतं कारण माझी स्वतःची भाची आरटीईतून शिकते.

नववीचं म्हणाल तर ताई, नववीत सरकार शाळेला एकही रुपया देत नाही. ट्रस्टींना भेटा, लेखी अर्ज द्या, बऱ्याच शाळा हप्ते करून देतात, काही ठिकाणी अर्धी फी पण केलेली मी पाहिली आहे. ऑफिसमधल्या माणसाशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं.

विक्रोळी_लोकल

ताई मी स्वतः आरटीईचा मुलगा आहे, माझी पहिली २०१३ ला. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून अकाउंट उघडलं.

माझ्यासोबत वर्गात आम्ही सात-आठ जण आरटीईचे होतो, आठवीनंतर त्यातले फक्त दोघं त्या शाळेत राहिले. एकाच्या मामाने फी भरली आणि एकीच्या आईने सोनं गहाण टाकलं. बाकी सगळे पांगलो. मी विक्रोळीतल्या अनुदानित शाळेत नववीला गेलो, सेमी इंग्लिशमध्ये. गणित-विज्ञान इंग्लिशमध्येच राहिलं, इतिहास-भूगोल मराठीत आला, पहिले दोन-तीन महिने इतिहासाचं पुस्तक वाचताना रडकुंडीला आलो होतो, मग जमलं. दहावीला ८१ टक्के पडले. आता डिप्लोमाला आहे.

फीपेक्षा जास्त त्रास मला दुसऱ्या गोष्टीचा झाला. आठ वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना जूनमध्ये कळतं की हा पैसे नव्हते म्हणून गेला. तोपर्यंत कोणाला माहीत पण नव्हतं मी आरटीईचा आहे. म्हणून सांगतो, शाळा बदलायची असेल तर मुलाला आत्ता सांगा, नवीन शाळा त्याला दाखवून आणा, शेवटच्या दिवशी सांगू नका. आणि बदलायची असेल तर नववीलाच बदला, दहावीला शाळा बदलायला परवानग्या लागतात, बोर्डाच्या फॉर्मचा सगळा घोळ होतो.

गणितात कच्चा आहे म्हणालात तर माझा नंबर प्रायव्हेट मेसेजमध्ये घ्या. भांडुप लांब नाही मला, रविवारी येईन शिकवायला. पैसे नकोत.

गिरणगावचा

सगळ्यांचं वाचलं. माझं मत जरा वेगळं आहे आणि काही जणांना आवडणार नाही.

मला हा २५ टक्क्यांचा प्रकारच मुळात अर्धवट वाटतो. सरकारने आपल्या शाळा चांगल्या चालवायच्या, ते सोडून चार मुलांना लॉटरी काढून खाजगी शाळेत पाठवायचं आणि आठवीनंतर हात वर करायचे. कोठारी आयोगाने १९६६ लाच सांगितलं होतं की शेजारच्या सगळ्या मुलांची एकच शाळा असावी आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. २०२० च्या नवीन धोरणात तोच ६ टक्क्यांचा आकडा परत लिहिलाय. पन्नासपेक्षा जास्त वर्षं तोच आकडा आपण लिहितोय आणि गाठत नाही. मुंबई पालिकेच्या शाळेत पुस्तकं, गणवेश, दप्तर, बूट धरून २७ वस्तू फुकट मिळतात, मराठीपासून तेलुगू-कन्नडपर्यंत माध्यमं आहेत, आता सीबीएसईच्या शाळा पण काढल्यात. माझी दोन्ही मुलं पालिकेच्या शाळेत शिकली, एक आज नर्स आहे. ताईंनी शेजारच्या पालिकेच्या माध्यमिक शाळेत एकदा तरी जाऊन बघावं, कोणी गेल्याशिवायच नाव ठेवतात.

कलम_बारा

@गिरणगावचा काका, पालिकेच्या शाळा भक्कम व्हाव्यात यात दुमत नाही. पण पालिकेच्या शाळा सुधारायच्या म्हणून २५ टक्के सोडून द्यायचे हे मला पटत नाही. राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ ला नेमकं हेच कारण पुढे करून नियम बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या जागा द्यायची गरज नाही. आता मुंबईत असा एक किलोमीटर शोधून दाखवा जिथे पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही. म्हणजे एका अधिसूचनेने मुंबईतला आरटीई जवळजवळ बंदच होणार होता. मुंबई हायकोर्टाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली, पुढे सुप्रीम कोर्टानेही हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. मूळ कायदा संसदेचा, त्यातला हक्क राज्याच्या नियमाने कापता येत नाही, एवढं सरळ होतं ते.

ताईंनी विचारलं होतं की जायचं कोणाकडे, त्याचं मूळ इथेच आहे. १९७६ पर्यंत शिक्षण हा राज्याचा विषय होता. ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे कायदा केंद्रही करू शकतं आणि राज्यही, भांडण झालं तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ. पण शाळा चालवणं, शिक्षक नेमणं, परीक्षा घेणं हे सगळं राज्याकडे आणि पालिकेकडेच राहिलं. त्यामुळे हक्क दिल्लीत जन्माला येतो आणि त्याची अंमलबजावणी वॉर्डात होते.

आणि धोरण म्हणजे कायदा नव्हे हे पण लोक विसरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं धोरण आहे, संसदेचा कायदा नाही, त्यावर तुम्ही शाळेवर केस करू शकत नाही. ते राज्यावर लादता येतं का असा प्रश्न तामिळनाडूवरून सुप्रीम कोर्टात गेला होता, मे २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की आम्ही राज्याला थेट भाग पाडू शकत नाही. मग केंद्र काय करतं तर पैशाचा नळ हातात ठेवतं, पीएमश्री या केंद्राच्या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून तामिळनाडूचा समग्र शिक्षाचा पैसा अडला, आणि तिथल्या आरटीईच्या पोरांची प्रतिपूर्ती पण त्यातच अडकली. आपल्याकडचं तर ताजं आहे, पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल २०२५ मध्ये धोरणाचं नाव घेऊनच काढला होता, लोक रस्त्यावर यायला लागल्यावर २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले. धोरणाचं नाव सांगून काढलेली गोष्ट राज्य मागे घेऊ शकतं कारण तो कायदा नव्हता. २५ टक्के कायद्यात आहेत म्हणून टिकले. त्यामुळे मला कायद्यात लिहिलेल्या प्रत्येक ओळीची किंमत वाटते.

सातवी_ब_च्या_बाई

मी अनुदानित शाळेत शिकवते. ताई, आधी मुलाला जेवायला घाला आणि सांगा की आठवीची परीक्षा बोर्डाची नाही, पेपर शाळाच काढते, ३५ टक्क्यांना पास आहे, थोड्या गुणांनी राहिला तर सवलतीचे गुण देण्याची सोय आहे. पुन्हा परीक्षेच्या आधी जादा तास घेणं शाळेला बंधनकारक आहे, ते लेखी मागा. आमच्याकडे जादा तास घेतल्यावर बहुतेक मुलं पुन्हा परीक्षेत निघतात. खरी काळजी मला पाचवीची वाटते पण तो वेगळा विषय.

माझ्यासारख्या शिक्षकांची अवस्था पण जाता जाता सांगते. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ती केस महाराष्ट्र आणि तामिळनाडूमधूनच गेलेली होती. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या बाया रात्री टीईटीची पुस्तकं घेऊन बसल्यात. वर मतदार यादीचं काम, जनगणना. कायद्यात शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका असं कलम २७ आहे पण त्यातच निवडणूक, जनगणना आणि आपत्ती वगळून ठेवलंय, म्हणजे जी कामं वेळ खातात तीच वगळली. तुमच्या मुलाच्या गणिताच्या सरांना पण कदाचित हेच चाललं असेल, त्यांना प्रेमाने भेटा.

आता महत्त्वाचं. एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्ती आहे, आठवीत परीक्षा होते, पास झालं की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत चालतं. माझ्या शाळेतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलीला मिळाली, तिची अकरावी-बारावी त्यावर झाली. पण ही फक्त सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना बसता येते. खाजगी विनाअनुदानित शाळेतला मुलगा बसू शकत नाही, मग तो आरटीईचा का असेना. केंद्राच्या एका कायद्याने गरीब मुलाला खाजगी शाळेत पाठवलं आणि केंद्राच्याच दुसऱ्या योजनेने त्याला खाजगी शाळेतला म्हणून बाहेर ठेवलं. मला याचा मनापासून राग येतो. नियमात एक ओळ वाढवली की प्रश्न सुटतो, आरटीईचे विद्यार्थी पात्र असतील, एवढंच. ही मागणी प्रत्येकाने केली पाहिजे.

तुमचा जातीचा दाखला एससीचा असेल आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर नववी-दहावीसाठी प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, ती चुकवू नका. त्याने ७८ हजार भरून निघणार नाहीत पण वह्या-पुस्तकं, येणंजाणं निघतं. उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.

गिरणगावचा

बाईंचा एनएमएमएसचा मुद्दा मला माहीत नव्हता, हे खरंच अन्यायकारक आहे.

माझा एक प्रश्न आहे कलम_बारा साहेबांना, हे चौदा वर्षंच का? सोळा का नाही, अठरा का नाही? दहावी पास नसेल तर आज बेस्टमध्ये कंडक्टर पण होता येत नाही.

कलम_बारा

काका, चौदाचा आकडा राज्यघटनेतून आलाय. मूळ कलम ४५ मध्ये होतं की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करेल. ते मार्गदर्शक तत्त्व होतं, त्यावर कोर्टात जाता येत नव्हतं. २००२ ला ८६ वी घटनादुरुस्ती झाली, कलम २१ क आलं, मूलभूत हक्क झाला, पण वय ६ ते १४ च ठेवलं. उलट सहाच्या आतली मुलं बाहेर गेली, बालवाडीचा हक्क गेला.

त्याच्याही मागे जायचं तर महात्मा फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं होतं, आणि वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर शेतकऱ्यांच्या कराचा पैसा जातोय हेही ठणकावून सांगितलं होतं. गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं ते इंग्रजांच्या कौन्सिलात पडलं. फुल्यांनी बारा म्हटलं तो काळ असा होता की चार यत्ता शिकलेला माणूस तलाठी-मास्तर व्हायचा. आज त्या जागेवर दहावी-बारावी आली, आणि कायदा फुल्यांच्या मागणीपेक्षा दोनच वर्षं पुढे सरकलाय.

वाईट असं की मागणी कागदावर येऊन गेली आहे. २०१९ ला कस्तुरीरंगन समितीने धोरणाचा मसुदा दिला त्यात हा कायदा बालवाडीपासून बारावीपर्यंत, ३ ते १८ वयासाठी वाढवा अशी शिफारस होती. २०२० ला अंतिम धोरण आलं त्यात बारावीपर्यंत सगळ्यांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळेल याची खात्री करू असं वाक्य आहे, पण कायदा बदलायची शिफारस गळली. दिव्यांग मुलांना मात्र २०१६ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, म्हणजे अठरापर्यंत लिहिता येतं, अशक्य नाही. आणि त्याच २०१६ ला बालमजुरीचा कायदा बदलला, त्यात चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोक्याच्या कामावर बंदी, बाकी काम करू शकतात. म्हणजे चौदाव्या वर्षी एका कायद्याने मोफत शाळा संपते आणि दुसऱ्या कायद्याने कामाची दारं उघडतात. आठवी झालेला मुंबईतला मुलगा कुठे जातो ते आपण सगळे रोज बघतो.

भांडुपची_आई

सगळ्यांचे खूप आभार. मुलाला दाखवलं सगळं. विक्रोळीच्या भाऊंचं त्याने स्वतः परत वाचलं आणि मग म्हणाला की रविवारी येणार का ते खरंच. मेसेज केलाय तुम्हाला.

बाई, आमचा दाखला एससीचाच आहे, मिस्टर शनिवारी तहसीलला जाणार आहेत. एनएमएमएसचं वाचून वाईट वाटलं, मागच्या वर्षी शेजारच्या मुलीने भरला तेव्हा मी पण शाळेत विचारलं होतं, ते म्हणाले आपल्याला नाही, मला वाटलं त्यांना माहीत नाही.

गिरणगावच्या काका, मी पालिकेची शाळा आणि एक अनुदानित शाळा दोन्ही बघून येणार. पण खरं सांगते, सातवीपर्यंत पहिल्या दहात असलेला मुलगा तिथून काढायला जीव तुटतोय. इतकी वर्षं शाळेनेच सांगितलं की तुमचा मुलगा आमचा आहे.

आता एवढंच विचारायचं आहे की दुसऱ्या टर्मची फी आणि ते २५ हजार यासाठी अर्ज कुठे द्यायचा, आणि अर्ज दिला म्हणून शाळेने मुलाला काही त्रास दिला तर?

ऑफिसातला_माणूस

ताई पहिला अर्ज शाळेलाच द्या, मुख्याध्यापकांच्या नावाने, आणि लिहा की ही मागणी लेखी द्या. तोंडी मागणाऱ्या बऱ्याच गोष्टी लेखी मागितल्या की गायब होतात हे मी आतून सांगतोय.

कलम_बारा

हो, सुरुवात तिथूनच करा. दोन प्रती न्या, एका प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन पोच म्हणून ठेवा. घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यात तीनच वाक्यं लिहा, पाल्य कलम १२ खाली प्रवेशित आहे, आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत आहे, तरी दुसऱ्या सत्राची फी कोणत्या नियमाने मागितली ते कळवावं. २५ हजारांसाठी वेगळा अर्ज करा, दोन विषय एकात घालू नका.

शाळेकडून उत्तर आलं नाही तर आठवीपर्यंतच्या तक्रारीसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाचं वॉर्डातलं ऑफिस, कारण कलम ३२ प्रमाणे तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे जाते आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नववीच्या रकमेसाठी शिक्षण निरीक्षक, भांडुपला उत्तर विभाग लागतो, त्यांचं ऑफिस चेंबूरला आहे. दोन्हीकडे काही हललं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागत नाही.

मुलाला त्रास देण्याबद्दल, कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळाला पण बंदी आहे. वर्गात उभं करून फीबद्दल बोलणं, ओपन हाऊसला वेगळं बसवणं यातच येतं. असं काही झालं तर तारीख आणि कोण काय बोललं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. अर्ज टाईप करायचा असेल तर मला मेसेज करा, मी मराठीत करून देतो, तुम्ही फक्त सही करा.

विक्रोळी_लोकल

मेसेज मिळाला ताई. रविवारी दहा वाजता येतो. त्याला आठवीचं गणिताचं पुस्तक आणि सहामाहीचा तपासलेला पेपर काढून ठेवायला सांगा, कुठे मार्क गेले ते आधी बघू.